लिव्हरवरचा हात

उमरग्यात माझी दाढी करणारा बाबू मला दर आठवड्याला एकच प्रश्न विचारतो. "साहेब, इमान म्हणं आपोआप चालतंय. मग तुमी वर बसून काय करत होता?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानं वस्तरा थांबवून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे बसूनच होता की." तेव्हापासून मी एका शब्दात उत्तर देतो. भीत होतो. दुकानातली मंडळी हसतात, साहेब लई मजेदार म्हणतात, आणि बाबू दुसऱ्या गालाला फेस लावतो.

मी चेष्टा करत नाही. पस्तीस वर्षं प्रवासी विमानं चालवली आणि त्यातली बरीचशी वर्षं मी पगार भिण्याचा घेतला. न भिणारा वैमानिक मला कधी आवडला नाही. या अंकाच्या संपादकांना आकाशातल्या गमतीजमती हव्या होत्या. त्या माझ्याकडं पोत्यानं आहेत, पण लिहायला बसलो की हात एकाच सकाळकडं जातो. म्हणून तीच सांगतो.

आधी यंत्राचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढची भीती कळणार नाही. आमच्या भागात ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला अर्धं विमान आधीच कळलेलं असतं. ट्रॅक्टरला स्टिअरिंगजवळ हाताचा ॲक्सिलरेटर असतो. तो एका जागी लावून ठेवला की पाय मोकळा. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या असोत, चढ लागो, पंपातला गव्हर्नर आपणच डिझेल कमीजास्त करून इंजिनाचा वेग धरून ठेवतो. ड्रायव्हर तोवर तंबाखू मळतो.

विमानात दोन वैमानिकांच्या मधोमध दोन लिव्हर असतात, दोन इंजिनांच्या दोन. पुढं ढकलल्या की जोर वाढतो, मागं ओढल्या की कमी होतो. पूर्वी लिव्हरपासून इंजिनापर्यंत तार जायची. आता तार नाही. प्रत्येक इंजिनावर एक संगणक बसवलेला असतो आणि लिव्हर फक्त त्याला विजेच्या तारेतून निरोप देते. म्हणजे वैमानिक अर्ज करतो, आणि तेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. इंजिन जळू नये, फाटू नये, विझू नये, हे सगळं तो बघतो. तहसील कचेरीपेक्षा बरं इतकंच, की अर्ज लगेच निकाली निघतो. पण त्याच्यावर अपील नाही. त्या संगणकाला बाजूला सारून थेट इंजिनात हात घालायची सोय कुठल्याही वैमानिकाला नाही.

याच्यावर आणखी एक व्यवस्था असते, ऑटोथ्रस्ट म्हणतात तिला. तिला वेगाचा आकडा द्यायचा. एकशे चाळीस नॉट, म्हणजे ताशी अडीचशेच्या वर किलोमीटर, म्हटलं की ती एकशे चाळीस धरते. वारा समोरून आला, चाकं बाहेर काढली, विमान जड झालं, काही झालं तरी जोर कमीजास्त करून ती आकडा सांभाळते. आमच्या गव्हर्नरची शिकलेली नात समजा.

आता गोम इथं आहे. विमानांच्या दोन जाती आहेत. एका जातीत ऑटोथ्रस्ट काम करत असताना लिव्हर हलत नाहीत. एका खाचेत लावून ठेवायच्या, आत संगणक आपसात काय ते बघून घेतात. दुसऱ्या जातीत लिव्हरखाली छोटी मोटर असते. ऑटोथ्रस्टला जोर वाढवायचा असेल तर ती लिव्हरच पुढं सरकवते, आणि हात वर ठेवलेला असेल तर तळव्याला ते कळतं. कुठली जात चांगली यावर वैमानिक लोक भावकीसारखे भांडतात. मी चौदा वर्षं पहिल्या जातीवर काढली. लिव्हर म्हणजे न हलणारी वस्तू, हे माझ्या तळव्यानं चौदा वर्षं पाठ केलं होतं.

त्या काळातली एक भीती सांगून टाकतो, म्हणजे मी किती शहाणा होतो ते कळेल. अरबी समुद्रावर असताना एकदा डाव्या इंजिनाच्या संगणकाचा निरोप आला. त्या संगणकात दोन मेंदू असतात, एक गेला की दुसरा घेतो. एक गेला होता. दुसऱ्यानं काम उचललं होतं, इंजिन तसूभरही बदललं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, काही करू नका. मी काही केलं नाही. पण किनारा दिसेपर्यंत दोन तास मी त्या एका आकड्याकडं बघत बसलो, जेवणाचा ट्रे तसाच परत पाठवला आणि उतरल्यावर माझा शर्ट पिळता आला असता. काहीही होणार नव्हतं त्या दिवशी मी इतका भ्यालो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीनं मला दुसऱ्या जातीच्या विमानावर टाकलं. शिकवणारा माणूस पोक्त होता. तो म्हणाला, "कॅप्टन, तुमचं डोकं पंधरा दिवसांत बदलेल. हात बदलायला वेळ लागेल." मी हसलो. परीक्षा दिली, पास झालो, हात बदलला असं समजलो आणि चार वर्षं ते विमान बिनघोर चालवलं.

ती सकाळ दिल्लीहून हैदराबादची होती. हवा स्वच्छ. विमानात मागं आमचे अण्णा आणि वहिनी बसले होते. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. गाव उमरग्यापासून आठ मैलांवर, शेती त्यांची, ऊस त्यांचा, ट्रॅक्टरही तेच चालवतात. इतक्या वर्षांत विमानात बसले नव्हते. "जमिनीवरून पाय उचलायचा न्हाय," असा त्यांचा हट्ट. वहिनींना काशी करायची होती म्हणून रेल्वेनं गेले, आणि येताना मी माझ्या विमानाची तिकिटं काढून दिली. दारात पायलटच्या टोपीत मला बघून अण्णांनी माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या बोटानं मोजल्या होत्या.

उजव्या खुर्चीवर तबस्सुम होती. नळदुर्गची. तिचे वडील शिंपी, आणि ती बारावीत असताना तिला घेऊन ते माझ्याकडं सल्ल्याला आले होते. मी फॉर्म भरून दिले, पत्रं लिहिली, दोन ठिकाणी शब्द टाकला. पोरगी हुशार, माझ्या मदतीशिवायही झाली असती. पण तिच्या वडिलांनी तिला त्या दिवशी माझ्यासमोर बजावलं होतं, "साहेबांचे उपकार इसरायचे न्हाईत. त्यांच्याम्होरं आवाज चढवायचा न्हाय." मी तेव्हा भल्या माणसासारखी मान डोलावली होती. आपल्या जिल्ह्यातली दोन माणसं एका विमानात, याचा मला फार अभिमान होता. कॉफी येईपर्यंत आम्ही मराठीत गप्पा मारायचो.

हैदराबादला आम्ही नेहमीपेक्षा थोडे उंच होतो. रोजचंच असतं ते. मी जोर पूर्ण काढून विमान लवकर खाली आणायचा हुकूम यंत्राला दिला. मोटरनं लिव्हर मागं आणल्या आणि त्या अगदी मागं टेकल्या. अशा वेळी या जातीच्या विमानात ऑटोथ्रस्ट मोटर सोडून देते. समोरच्या पडद्यावर एक छोटा हिरवा शब्द येतो, होल्ड. त्याचा अर्थ, मी लिव्हरवरचा हात काढला आहे, आता तुझं तू बघ. व्यवस्था बंद नसते, हजर असते, पण काम करत नसते. कचेरीत खुर्चीवर कोट लटकलेला असावा तसं. मी तो शब्द पाहिला. शिकवल्याप्रमाणं मोठ्यानं वाचलाही. आणि मग धावपट्टी समोर दिसते म्हणून स्वयंचलित उड्डाण काढून विमान हातात घेतलं. अण्णा मागं बसलेत, हातानं उतरवू, असं मनात होतं. हे लिहायला लाज वाटते, पण होतं.

डावा हात सुकाणूवर, उजवा लिव्हरवर. नियम असा की उतरताना हात लिव्हरवरून हलवायचा नाही. माझा हात जागच्या जागी होता. आणि लिव्हर हलत नव्हत्या.

पाचशे फुटांवर इंजिनं जागी असली पाहिजेत, नसली तर उतरायचं नाही, 'गो अराउंड' म्हणत पुन्हा वर जायचं, असाही नियम आहे. आमची झोपलेलीच होती, पण वेग ठरवलेल्या एकशे चाळिसापेक्षा पाच जास्त होता. मी म्हटलं, थोडा कमी होऊ दे, मग ऑटोथ्रस्ट येईल. चारशे फुटांवर वेग एकशे चाळिसाच्या खाली गेला. नवीन जातीच्या विमानात या क्षणी तळव्याला लिव्हर पुढं सरकताना जाणवायला हवी होती. ती सरकली नाही, आणि माझा तळवा म्हणाला, ठीक आहे, लिव्हर हलत नसतेच. चार वर्षं दुसऱ्या विमानात काढूनही हात त्या जुन्या चौदा वर्षांत परत गेला. ही चूक फक्त तोच करू शकतो ज्यानं पहिली जात मन लावून चालवली आहे.

एकशे तेहतीस.

वेग घसरला तर बाजूच्या वैमानिकानं एकच शब्द मोठ्यानं ओरडायचा असतो. स्पीड. तो इंग्रजीत ठरवलेला आहे, त्यात साहेब नाही, आदब नाही, नातं नाही. ती सोय मुद्दाम केलेली आहे. तबस्सुम मराठीत म्हणाली, "सर, जरा वेग बघता का?"

आणि मी म्हणालो, "हां, येतंय, येतंय."

हे शब्द माझेच. ते कॉकपिटच्या आवाजपेटीत गेले आणि नंतर मला तीन वेळा ऐकवले गेले. आवाज अगदी शांत आहे. नळाला पाणी येतंय म्हणावं तसा.

विमान उतरताना समोरची काच भरत जाते. धावपट्टीच्या अलीकडचं गवत, दिव्यांचे खांब, कुंपण. मला ते सगळं थोडं वर सरकताना दिसलं, म्हणजे आम्ही ठरलेल्या उतारापेक्षा खाली जात होतो. मी नाक उचललं. नाक उचललं की वेग आणखी मरतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. एकशे चोवीस. आणि मग हातातलं सुकाणू थरथरायला लागलं. ते यंत्र मुद्दाम हलवतं. पंखावरची हवा सुटायला आली की हा शेवटचा इशारा असतो. पस्तीस वर्षांत तो मी फक्त सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, अनुभवला होता. खऱ्यात तो हातातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत जातो. मी गोठलो. दुसरा शब्द नाही. माझी बोटं त्या लिव्हरवर होती आणि ती माझी नव्हती.

"स्पीड!" तबस्सुम किंचाळली, आणि तिचा हात माझ्या हातावर आला. माझ्या बोटांसकट तिनं दोन्ही लिव्हर शेवटपर्यंत पुढं रेटल्या. "गो अराउंड!"

मोटरसायकलचा कान पिळला की ती उसळते. जेट इंजिन तसं नसतं. आत मोठा पंखा असतो, तो मंद फिरत असेल तर त्याला पूर्ण वेग घ्यायला सात-आठ सेकंद लागतात. इंजिनाचा संगणकही घाई करू देत नाही, कारण एकदम तेल ओतलं तर इंजिन गुदमरतं. अर्ज पोचला होता. मंजुरीची वाट बघायची होती. मी नाक थोडं खाली दिलं, तेवढं मला सुचलं. समोर कुंपण होतं. यंत्राचा आवाज उंची मोजत होता, दोनशे. पहिला सेकंद, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला आकडा जरा हलला. मला देव आठवला नाही, बायको आठवली नाही. अण्णांनी खिडकीची जागा मागून घेतली होती आणि आत्ता ते हेच गवत बघत असतील, एवढंच डोक्यात होतं.

शंभर फुटांच्या किंचित वर असताना इंजिनांनी हंबरडा फोडला आणि विमान उचललं गेलं.

पुढचं सगळं तबस्सुमनं केलं. चाकं आत, टॉवरला निरोप, फेरी मारून पुन्हा उतरणं. मी तिला म्हणालो, "तू उतरव." तिनं उतरवलं, सुरेख. पार्किंगला ब्रेक लावल्यावर ती हुंदके देत म्हणाली, "सर, माझी चूक झाली. मी आधीच ओरडायला पाहिजे होतं." शंभरावर जीव वाचवलेली पोर माझी माफी मागत होती. मला तिच्या वडिलांनी बजावलं तो दिवस आठवला आणि मान डोलावल्याबद्दल स्वतःची किळस आली. मी तिला सांगितलं, "चूक माझी आहे. आणि पुढच्या वेळी माझ्या बापावरही ओरड."

अण्णा दारात थांबले होते, तोंडभर हसू. "दिगू, दोन चकरा मारल्यास की आमच्यासाठी! रान किती जवळून दाखवलंस!" वहिनींनी सगळ्या प्रवाशांसमोर माझ्यावरून बोटं मोडली.

त्याच दिवशी मी स्वतःहून सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, उड्डाणं थांबली, पुन्हा प्रशिक्षण लागलं. इकडं गावात अण्णांनी दोन चकरांची गोष्ट घरोघर सांगितली होती. सरपंचांनी सत्कार ठेवला, शाळेच्या पटांगणात शाल, नारळ, फेटा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फेट्याखाली माझं डोकं घामानं निथळत होतं, आणि पहिल्या रांगेत अण्णा छाती काढून बसले होते.

मग सिम्युलेटरची परीक्षा. तपासणारा माझाच जुना विद्यार्थी. त्यानं अगदी तोच प्रसंग लावला, होल्ड, मागं टेकलेल्या लिव्हर, घसरता वेग. या वेळी मला सगळं आधीच माहीत होतं. तरी तळवा दोन सेकंद गप्प राहिला आणि डोळ्यांनी ओरडून सांगितल्यावर हलला. कागदावर दोन सेकंद चालतात. त्यानं "समाधानकारक" लिहिलं, सही केली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला काय शिकवायचं!" पुढच्या सोमवारपासून मी पुन्हा उडणार होतो. नियमानं अजून तीन वर्षं हातात होती.

रविवारी मी गावी गेलो. अण्णा शेडमध्ये ट्रॅक्टरला तेल-पाणी करत होते. मी बोनेटवर हात ठेवून त्यांना सगळं सांगितलं. हाताचा ॲक्सिलरेटर दाखवत सांगितलं, त्यामुळं त्यांना काहीच अडलं नाही. मधे फक्त एकदा त्यांनी विचारलं.

"ती पोरगी बोलली तवा तू काय म्हणलास?"

"येतंय म्हणालो."

त्यांनी चिंधी घेऊन बोटं पुसायला सुरुवात केली. एकेक बोट.

"आन आता पुन्यांदा तसं झालं तर?"

"परीक्षा पास झालोय अण्णा."

"परीक्षेचं न्हाय इचारलं म्या."

दोन सेकंदांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते सांगितलं. मग जे विचारायला मी गावी आलो होतो ते विचारलं. "अण्णा, उद्या तिकीट काढून दिलं तर बसाल का माझ्या विमानात?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं चिडतील, म्हणतील आधी का नाही सांगितलंस, त्या शालीचं काय. तसं काही झालं नाही. आवाज अगदी मऊ होता.

"म्या बसंन की. तू माझा भाऊ हायेस, म्हणशील तिथं बसंन," ते म्हणाले. "पर तुझ्या वैनीला न्हाय बसू देणार."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन शेडमध्ये आल्या. दोघांचे चेहरे त्यांनी पाहिले, पण शेतीचं काही बोलणं चालू असेल असं त्यांना वाटलं असावं. माझ्या हातात कप देत त्यांनी विचारलं, "भाऊजी, मग उद्या डुटीवर का? दशम्या बांधून देऊ?"

"नको वहिनी," मी म्हणालो. "आता नाही जात."